न्यायालयाच्या दारात मोटारी मोजणार की माणसे?

सरकारी इमारत बांधायची ठरली की सरकार आधी तिचा दर्शनी भाग दाखवते आणि तिच्याकडे जाणारी वाट अगदी शेवटी दाखवते. रंगीत चित्रात घुमट असतो, कारंजे असते, हिरवळ असते. बसथांबा मात्र त्या चित्रात कुठेही नसतो! ज्या समाजाला शतकानुशतके सार्वजनिक वाटेवरून चालण्याचाच हक्क नाकारला गेला, त्या समाजाने तरी इमारतीआधी वाट पाहिली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाकडे आज याच नजरेने पाहण्याची वेळ आलेली आहे.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीच्या जागेवर या संकुलाची कोनशिला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते बसवण्यात आली. शासनाने या संकुलासाठी ठरवलेली जागा ३०.१६ एकर. इमारत हे न्यायाचे मंदिर व्हावे, सप्ततारांकित हॉटेल होऊ नये, उधळपट्टी टाळावी आणि न्यायालये पक्षकारांच्या गरजेसाठी असतात हे विसरू नये, असे त्यांनी त्या समारंभात बजावले. आंबेडकरी चळवळीच्या घरात वाढलेल्या सरन्यायाधीशांचे हे बोल आपल्या वाचकांना भावले यात नवल नाही. परंतु समारंभातले बोल कौतुकाने ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि नकाशा मात्र वाचायचा नाही, ही आपली जुनी सवय आता मोडली पाहिजे. न्यायालय पक्षकारांसाठी असेल तर पहिला प्रश्न हा की, पक्षकार तेथे पोहोचणार कसा?

फोर्टमधून वांद्र्याला

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ साली झाली. फोर्टमधली आजची दगडी इमारत १८७८ साली पूर्ण झाली. याच न्यायालयात १९२३ साली बाबासाहेबांनी वकिलीची सनद घेतली. त्या काळापासून आजपर्यंत खटले वाढले, न्यायमूर्ती वाढले, वकील वाढले. भिंती मात्र तेवढ्याच राहिल्या. दाटीवाटीने लावलेल्या फायली, कोंदट मार्गिका, पक्षकाराला टेकायलाही जागा नाही. तेव्हा नवी इमारत हवी, याविषयी वाद नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेच स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, त्यानंतर जागेचा ताबा टप्प्याटप्प्याने मिळू लागला. बोरिवली, अंधेरीकडच्या माणसाला वांद्रे फोर्टपेक्षा जवळ पडेल, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण मुंबई म्हणजे केवळ पश्चिम उपनगर नव्हे. पूर्वेकडे खाडीच्या कडेला ट्रॉम्बे आहे, चिता कॅम्प आहे, पायलीपाडा आहे, मानखुर्द, मंडाळे, गोवंडी, शिवाजी नगर, बैंगनवाडी आहे. महापालिकेच्या एम-पूर्व विभागात २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर माणसे राहात होती. २००९ सालच्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरातील सर्व विभागांत तळाला होता. शहराचा कचरा, शहराची तेलशुद्धी, शहराचा कत्तलखाना आणि शहरातून उठवलेली माणसे ज्या भागाने पोटात घेतली, तो हा भाग. येथून वांद्र्याच्या न्यायालयात जायचे कसे, हे कोण मोजणार?

ट्रॉम्बेतून निघालेला माणूस

कोणी म्हणेल, ट्रॉम्बेच्या गरिबाचे उच्च न्यायालयात काय काम? त्यांनी थोडा इतिहास वाचावा. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पोलिसांच्या बंदोबस्तात उठवण्यात आली. सुमारे सत्तर हजार माणसे चिखलाच्या दलदलीत आणून सोडली गेली. तोच आजचा चिता कॅम्प. त्या लढ्याचे नेते जोकिन अर्पुथम यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण माहुलचे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तेथील कुटुंबांना रिफायनऱ्यांच्या शेजारी, माहुलच्या ७२ इमारतींत पाठवण्यात आले. श्वास घेणे कठीण झाले, त्वचारोग जडले, माणसे दगावली, अशी तक्रार घेऊन तेथील रहिवासी २०१८ पासून विद्याविहारला रस्त्यावर बसले. आणि त्यांना दिलासा कोठून मिळाला? मुंबई उच्च न्यायालयातून! एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की, ज्यांना माहुलला राहायचे नाही त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत शासनाने द्यावी. ज्यांच्याकडे मंत्री नाही, बिल्डर नाही, वर्तमानपत्राचा मालक नाही, त्यांच्याकडे शेवटी उच्च न्यायालयच असते. घर पाडण्याची नोटीस, शाळेतला प्रवेश, जातीचा दाखला, नोकरीतले आरक्षण, अत्याचाराच्या खटल्यातले अपील, कोठडीतला मृत्यू हे सारे विषय आपल्या माणसाला त्या दारापर्यंत नेतात.

आता वाट पाहा. ट्रॉम्बेला प्रवासी रेल्वे स्थानक नाही. बस किंवा शेअर रिक्षाने मानखुर्द, गोवंडी अथवा चेंबूर गाठायचे, हार्बरची गाडी पकडायची, थेट सीएसएमटीला उतरायचे आणि फोर्टच्या न्यायालयापर्यंत चालत जायचे. वाट लांबची, पण एकाच गाडीची. वांद्र्याला जायचे तर हार्बरच्या थेट गाड्या मोजक्याच. एरवी वडाळ्याला गाडी बदलायची, वांद्रे स्थानकाच्या गर्दीतून पूर्वेला यायचे, मग रिक्षाची रांग किंवा पायपीट. नाहीतर कुर्ल्याला उतरून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कोंडीतून बसने जायचे. नकाशावर अंतर घटते आणि प्रवास मात्र वाढतो, असा हा चमत्कार आहे!

बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. एके काळी चार हजारांहून अधिक बसगाड्या चालवणाऱ्या बेस्टचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आला होता. समजा, चिता कॅम्पमधली घरकाम करणारी एक बाई घराच्या पात्रतेच्या प्रकरणात तारखेला निघाली. सोबत म्हातारे सासरे आहेत, कारण झोपडीची कागदपत्रे त्यांच्या नावावर. दोन बस, दोन गाड्या, परतताना पुन्हा तेच, आणि वर चार घरची बुडालेली कामे. इतके करून पुढची तारीख मिळते! "वकील उभा राहतो, पक्षकाराने यायची गरज काय?" असे म्हणणाऱ्याने कधी गरिबाचा खटला पाहिलेला नाही. प्रतिज्ञापत्रावर सही करायला, कागद दाखवायला, वकील खरोखर उभा राहिला की नाही हे आपल्या डोळ्यांनी पाहायला गरीब माणूस येतोच. त्याचा विश्वास दूरच्या पडद्यावर बसत नाही.

मोटार एक, माणूस शून्य

आता वाहतुकीच्या शास्त्राकडे येऊ. मोठी इमारत उभी राहताना तिच्यामुळे आजूबाजूच्या रस्त्यांवर किती भार पडेल याचा अभ्यास केला जातो. त्याला वाहतूक परिणाम मूल्यमापन म्हणतात. पद्धत साधारण अशी. आसपासच्या नाक्यांवर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासात वाहने मोजतात. इमारतीमुळे आणखी किती वाहने येतील याचा अंदाज बांधतात. मग रस्त्याची क्षमता आणि येणारी वाहने यांचे गुणोत्तर काढतात. गुणोत्तर एकच्या जवळ गेले की रस्ता तुंबला असे समजायचे आणि उपाय सुचवायचे. उपाय बहुधा ठरलेले असतात: रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, वाहनतळ वाढवा.

या साऱ्या गणिताच्या मुळाशी एक माप आहे, प्रवासी मोटार एकक. एक मोटार म्हणजे एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकी अर्धा ते पाऊण, रिक्षा सव्वा ते दोनच्या आसपास, आणि बस २.२ ते ३.७ धरलेली आहे. वाहन किती जागा अडवते यावरून हे माप निघाले, त्यापुरते ते चुकीचे नाही. पण याच मापाने न्यायालयाची वाट मोजली तर काय होते ते पाहा. पन्नास माणसे घेऊन आलेली बस रस्त्यावर ३.७ इतका भार घालते. त्याच पन्नास माणसांना मोटारीत दोघे-दोघे बसवले तर मोटारी पंचवीस, म्हणजे भार पंचवीस. बसने येणारा माणूस मोटारीने येणाऱ्याच्या तुलनेत रस्त्याची जेमतेम सातव्या हिश्शाची जागा घेतो. तरीही वाहन म्हणून मोजताना बस ही जवळपास चार मोटारींएवढी अडचण ठरते, आणि स्थानकावरून चालत येणारा माणूस? तो या गणितात शून्य!

एमएमआरडीएच्या २००८ सालच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांतही तीन चतुर्थांशांहून अधिक रेल्वे आणि बसने होत होत्या. म्हणजे ज्या शहरात बहुसंख्य माणसे पायी, रेल्वेने, बसने फिरतात, त्या शहराच्या सार्वजनिक इमारतीचा हिशेब मोटारवाल्या अल्पसंख्याकांच्या मापाने होतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण एका माणसाला एक मूल्य देणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहणार आहोत. हा विरोधाभास कोठे दिसतो असे कोणी विचारले तर त्याला नाक्यावर वाहने मोजणाऱ्याची वही दाखवावी.

वाहनतळाचे पाहा. नगररचनेत तळघरातील एका मोटारीसाठी येण्या-जाण्याच्या जागेसह सुमारे ३२ चौरस मीटर जागा धरण्याची रीत आहे. माहुलला पाठवलेल्या कुटुंबाला मिळालेले घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटरचे. एका मोटारीला विश्रांतीसाठी जेवढी जागा, तेवढी या शहरात एका कुटुंबाला जगण्यासाठी नाही! न्यायमूर्तींना, वकिलांना, अपंगांना वाहनतळ हवा, याला विरोध नाही. पण वाहनतळ जितका मोठा तितक्या मोटारी अधिक येतात, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. तळघरात हजारो मोटारींची सोय करायची आणि नंतर कलानगरच्या कोंडीवर समिती नेमायची, हा उलटा न्याय झाला.

वांद्र्याच्या रस्त्यावरचा अनुभव

वांद्रे पूर्व काही रिकामे माळरान नव्हे. पश्चिम द्रुतगती महामार्ग, कलानगरचा नाका, वांद्रे-कुर्ला संकुल, उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, म्हाडा हे सारे तेथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून आहेत. कोंडी सोडवण्यासाठी कलानगरला उड्डाणपुलाच्या नव्या मार्गिका बांधल्या गेल्या, त्यांतील पहिली २०२१ मध्ये खुली झाली. मोटारींसाठी हे झाले. पायी चालणाऱ्यांचे काय झाले?

मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ साली वांद्रे स्थानक ते कलानगर असा याच भागात बांधला गेला. २०१९ साली तो धोकादायक ठरून बंद झाला, पुढे पाडला गेला. माणसे पुन्हा रस्त्यावर आली, रिक्षा, बस आणि खड्डे यांच्या मधून वाट काढू लागली. नवा स्कायवॉक व्हावा म्हणून नागरिकांना उच्च न्यायालयातच जावे लागले. ज्या न्यायालयाने या पायवाटेची कैफियत ऐकली, ते न्यायालय आता त्याच पायवाटेच्या टोकाला राहायला येत आहे. न्यायालय आल्यावर चालणाऱ्यांची संख्या वाढणार हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

रस्ता ओलांडण्याचे साधे गणित घ्या. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे सर्वसाधारणपणे धरतात. तीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला मग पंचवीस सेकंद पुरतात. पण गुडघे दुखणारी म्हातारी सेकंदाला ०.८ मीटर चालते, तिला सदतीस सेकंदांहून अधिक लागतात. उरलेले बारा सेकंद ती कोणाच्या भरवशावर रस्त्यात उभी राहणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क स्वतंत्र कलमात नोंदवलेला आहे. न्यायालयाच्या दारातल्या उताराने तो पूर्ण होत नाही, त्याची सुरुवात स्थानकाच्या जिन्यापासून होते.

आणि हे अशक्य नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला लाखोंचा जनसागर लोटतो. जवळपास सगळे रेल्वेने येतात, पायी चालतात. त्या दिवसांत रेल्वे, बेस्ट, महापालिका, पोलीस एकत्र बसून पायी चालणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून व्यवस्था लावतात, रस्ते वळवतात, जादा गाड्या सोडतात. प्रशासनाला चालणारा माणूस मोजता येतो. प्रश्न मोजण्याची इच्छा आहे की नाही एवढाच आहे.

ज्यांना विचारलेच जात नाही

आता मुख्य मुद्दा. २००६ सालच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेने वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण परवानगीच्या चौकटीत आणले. वाहतुकीचा अभ्यासही त्याच कागदपत्रांत येतो. परंतु याच अधिसूचनेने इमारत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली! खाणीला जनसुनावणी, कारखान्याला जनसुनावणी, पण जिथे रोज हजारो माणसे जाणार त्या इमारतीला जनसुनावणी नाही. आर्किटेक्ट बोलतो, सल्लागार बोलतो, अधिकारी बोलतात. ट्रॉम्बेची घरकामगार, न्यायालयातला शिपाई, सफाई कामगार, टंकलेखक, चहावाला यांना कोणी विचारत नाही. शासकीय वसाहतीतील तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची कुटुंबे हक्काच्या घरांसाठी वर्षानुवर्षे झगडत आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेची वाट या बांधकामाच्या डंपरमधून जाणार आहे, हेही कोणाच्या गणतीत नसते.

न्यायापर्यंत पोहोचणे हा मूलभूत हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९ जुलै २०१६ च्या निकालात हे स्पष्ट केले आणि त्या हक्काचा एक घटक म्हणून न्यायालय अंतराच्या दृष्टीने वाजवी आवाक्यात असावे, दुसरा घटक म्हणून न्याय परवडणारा असावा, असे नोंदवले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले ते याच तत्त्वावर. सिंधुदुर्गच्या शेतकऱ्याला मुंबईचा हेलपाटा पडू नये म्हणून जे तत्त्व मान्य झाले, ते ट्रॉम्बेच्या कामगाराला मुंबईतल्या मुंबईत का लागू होऊ नये?

आपण काय मागायचे?

नुसता निषेध करून भागणार नाही. मागण्या नेमक्या असाव्यात.

पहिली, या संकुलाचा वाहतूक अभ्यास माणसांच्या संख्येवर व्हावा. फोर्टच्या न्यायालयात आज येणाऱ्या पक्षकार, वकील, कर्मचारी यांना दारातच विचारावे: कोठून आलात, कशाने आलात, किती वेळ लागला, किती पैसे गेले? हे सर्वेक्षण करायला फारसा खर्च नाही आणि त्यातून निघणारे उत्तर कोणत्याही नाक्यावरच्या वाहनगणतीपेक्षा मोलाचे आहे.

दुसरी, मंडाळे ते डी. एन. नगर हा मेट्रो २ब मार्ग मानखुर्द, चेंबूर, कुर्ला आणि वांद्रे यांना थेट जोडणारा आहे. त्याच्या मंडाळेकडच्या टप्प्याची चाचणी एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. पण मंडाळ्याहून चेंबूरपर्यंत धावणारी मेट्रो ट्रॉम्बेच्या माणसाला न्यायालयात नेणार नाही. न्यायालय वांद्र्यात सुरू होण्याआधी हा संपूर्ण मार्ग सुरू झालाच पाहिजे, अशी अट शासनाने स्वतःवर घालून घ्यावी.

तिसरी, ट्रॉम्बे-मानखुर्द-गोवंडीहून न्यायालयाच्या दारापर्यंत बेस्टची थेट बस आणि संकुलाच्या मुख्य प्रवेशद्वाराशी बसथांबा. मोटारींचे प्रवेशद्वार दर्शनी आणि बसने येणाऱ्यांचे मागच्या गल्लीत, असली वर्णव्यवस्था नको.

चौथी, वांद्रे स्थानकापासून न्यायालयापर्यंत सलग, सपाट, सावलीचा पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे, न्यायालयाच्या गर्दीला त्याहून अधिक लागेल.

पाचवी, वाहतुकीचा अहवाल मराठीत जाहीर व्हावा आणि कायद्याने सक्ती नसली तरी शासनाने एम-पूर्व विभागासह प्रत्येक उपनगरात सुनावणी घ्यावी.

वाचकहो, यातले पहिले पाऊल आपल्याच हातात आहे. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आपल्याजवळ आहे. दहा रुपयांचा अर्ज, दीडशे शब्दांची मर्यादा, विषय एकच. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वांद्र्याच्या संकुलाचा वाहतूक अभ्यास मागावा. त्यात पायी चालणाऱ्यांची संख्या दिली आहे का, बसने येणाऱ्यांची दिली आहे का, ट्रॉम्बे-मानखुर्दचे नाव एकदा तरी आले आहे का, हे तपासावे. आपल्या वस्तीतल्या विहारात, वाचनालयात, महिला मंडळात तो अहवाल मोठ्याने वाचावा. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी यात पुढाकार घ्यावा, कारण उद्या याच न्यायालयात काळा कोट घालून उभे राहायचे आहे ते त्यांनाच.

महाडला आपले पूर्वज तळ्याचे पाणी नुसते पिण्यासाठी गेले नव्हते. तळ्यापर्यंत जाण्याची वाट सर्वांची आहे, हे प्रस्थापित करण्यासाठी ते गेले होते. वांद्र्याच्या न्यायालयाची वाटही सर्वांची आहे. तिचा आराखडा कागदावर असतानाच आपण बोललो तर ती रुंद होईल. दगड बसल्यावर बोललो तर तारीख मिळेल!